रिंग आउट हा रडीचा डाव नाही: सोलकॅलिबरमधल्या या चुका टाळा

"सोलकॅलिबर? नुसती बटणं बडवायची." "किलिक घेतला की कुणीही जिंकतं." "रिंग आउट म्हणजे रडीचा डाव." सोलकॅलिबर या तलवारी-काठ्यांनी लढायच्या व्हिडिओ गेमबद्दल गेली अठरा-वीस वर्षं मी हीच तीन मतं ऐकतोय. (किलिक हे त्यातलं एक पात्र, आणि रिंग आउट म्हणजे समोरच्याला आखाड्याच्या कडेबाहेर पाडून राउंड जिंकणं.) जरा खोदून विचारलं की कळतं, मत देणारा एकच संध्याकाळ खेळलाय आणि तीही एका जागी उभं राहून. ड्रीमकास्ट या कन्सोलवरच्या पहिल्या सोलकॅलिबरला १९९९ साली जपानच्या फामित्सु मासिकाने ४० पैकी ४० गुण दिले होते, म्हणून तो तुम्हाला आवडलाच पाहिजे असं काही नाही. पण नावं ठेवण्याआधी तो नीट खेळून तरी बघा.

इथे मी मुख्यतः दुसऱ्या भागाबद्दल बोलतोय. २००३ मध्ये तो प्लेस्टेशन २ वर आला आणि माझ्या पिढीतल्या बहुतेकांनी तोच पाहिला. बटणंही त्याचीच सांगतोय.

पाय न हलवणं

टेकन हा दुसरा मारामारीचा गेम खेळून आलेली मुलं समोरासमोर उभी राहतात, पुढे-मागे करतात आणि वार घालतात. १९९८ मध्ये आर्केडवर पहिला सोलकॅलिबर आला, तेव्हा तो बनवणाऱ्या नामको कंपनीने त्यात मोठा बदल केला तो चालण्यात. दिशेचं बटण दाबून धरलं की आठही दिशांना मोकळं फिरता येतं. बाकी सगळा गेम या चालण्यावर उभा आहे.

चौकोनाच्या बटणाने आडवा वार होतो, त्रिकोणाच्या बटणाने उभा. उभा वार सहसा जास्त जोरात लागतो, पण समोरचा बाजूला सरकला की तो रिकामा जातो. आडवा वार सरकणाऱ्याला गाठतो, पण बरेच आडवे वार डोक्याच्या उंचीवरून जातात आणि खाली बसलेल्याला लागत नाहीत. म्हणजे उभ्या वाराला सरकणं, आडव्याला बसणं आणि सरकणाऱ्याला आडवा वार, अशी ही साखळी आहे. जो सरकतच नाही त्याच्यासाठी यातलं काहीच उरत नाही. मग त्याला नुसती बटणं दिसतात.

एका दिवाळीच्या सुट्टीत माझा मामेभाऊ घरी आला होता, तेव्हा तो आठवीत होता. त्याने नाइटमेअर निवडला, कारण त्याची तलवार सगळ्यात मोठी दिसते. नंतर त्याने त्रिकोण दाबायला सुरुवात केली ती थांबेचना. मी मित्सुरुगी घेऊन फक्त डावीकडे सरकत राहिलो. ती अवजड तलवार दरवेळी माझ्या शेजारी जमिनीवर आदळायची आणि तो ती उचलेपर्यंत माझे दोन वार बसलेले असायचे.

"दादा, गेम बिघडलाय. माझे वार लागतच नाहीत."

"मी आहे तिथे मार ना. तू मी होतो तिथे मारतोयस."

त्याने कंट्रोलर खाली ठेवला आणि "फालतू गेम आहे" म्हणून आत निघून गेला. दुसऱ्या दिवशी मी त्याला पुन्हा बसवलं आणि एकच अट घातली: वीस मिनिटं वार करायचा नाही, माझ्याभोवती फिरायचं आणि माझे वार चुकवायचे. पहिली दहा मिनिटं तो कुरकुरला. नंतर एकदा मित्सुरुगीचा उभा वार त्याच्या खांद्याजवळून गेला आणि तो ओरडला, "हुकला!" त्या दिवसापासून नवीन माणसाला मी आधी चालायलाच लावतो. वीस मिनिटांचा धीर नसेल त्याला मी दुसरा गेम लावून देतो. दुखावलेल्या माणसाशी वाद घालण्यात मला रस नाही.

किलिकची तक्रारही इथलीच. त्याची काठी लांब आहे, म्हणून लांब उभं राहणाऱ्याला ती बडवत राहते. तिरकं चालत आत घुसा आणि अंगाला अंग लागेल इतक्या जवळून लढा. (त्या काठीचं नाव 'कलियुग' आहे, शियांगहुआ या दुसऱ्या पात्राच्या तलवारीचं 'कृतयुग' आणि कथेतल्या पवित्र आरशाचं 'द्वापरयुग'. मला हे कळलं त्या रात्री मी सगळ्या हॉस्टेलला सांगत फिरलो होतो.)

रिंग आउटवर बंदी घालणं

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून तिच्याबद्दल जास्त बोलतो.

पुण्यात इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर आम्हा पाचजणांत एक प्लेस्टेशन होता. आमच्यातला एकजण अ‍ॅस्टारॉथ घ्यायचा, समोरच्याला हळूहळू कडेपर्यंत न्यायचा आणि उचलून खाली फेकायचा. लाइफ कितीही शिल्लक असली तरी राउंड संपला. चिडून आम्ही नियम केला: रिंग आउट मोजायचा नाही, तो राउंड पुन्हा. सहा महिने आम्ही असे खेळलो आणि स्वतःला फार तयार समजायला लागलो. मग दुसऱ्या एका कॉलेजच्या हॉस्टेलवर स्पर्धा होती तिथे गेलो. आमच्यातले चौघे पहिल्याच फेरीत बाहेर, आणि चौघेही रिंग आउटने. पाचवा म्हणजे तो अ‍ॅस्टारॉथवाला, तो उपांत्य फेरीपर्यंत गेला.

परत येताना बसमध्ये कुणी बोललं नाही. त्या सहा महिन्यांत आमचं काय गेलं होतं ते मला तिथे उमगलं. पाठीमागे किती जागा आहे हे बघायची सवय आम्ही मोडून टाकली होती. वार चुकवायला मी सरळ मागे सरकायचो, कारण मागे धोकाच नव्हता. आमची लढत एका रेषेवर आली होती. कबड्डीत पकडायला आलेल्याचा पाय रेषेबाहेर गेला तर तो बाद होतो आणि त्याला कुणी रडीचा डाव म्हणत नाही, कारण ती रेषा खेळाचाच भाग आहे. इथेही कड आहे म्हणून मागे हटण्याची किंमत आहे आणि बाजूला चालण्याला अर्थ आहे.

तेव्हापासून माझी सवय अशी. राउंड सुरू होताच पहिला सेकंद मी जमिनीकडे बघतो, की कोणती कड जवळ आहे आणि कुठे भिंत आहे. कड पाठीशी आली की मागे हटणं बंद, फक्त अर्धवर्तुळात चालायचं, म्हणजे कड आपोआप समोरच्याच्या पाठीशी जाते. हवेत उडवले गेलात तरी बोट उचलू नका, आतल्या दिशेचं बटण धरून ठेवा. शरीर थोडं आत झुकतं आणि तेवढ्याने कित्येक राउंड वाचतात. घरी सराव करताना एक संध्याकाळ उलटा नियम लावा, फक्त रिंग आउटने झालेला विजय धरायचा.

गार्ड इम्पॅक्टचं वेड

समोरचं शस्त्र येण्याच्या क्षणी पुढे आणि गार्ड (वार अडवायचं एक्सचं बटण) दाबलं की वार परतवला जातो, ठिणगी उडते आणि बघणारे ओरडतात. म्हणून नवशिके तेच करत बसतात. अंदाज चुकला की उघडे पडतात. जमला तरी पुढची चूक ठरलेली: लगेच आपला नेहमीचा वार घालणं. ज्याचा वार परतवला तोही तुमचा वार तसाच परतवू शकतो आणि तो त्याचीच वाट बघत असतो. मी अर्धा श्वास थांबतो, किंवा पकड घालतो, कारण पकड परतवता येत नाही. आधी साधा गार्ड धरायला शिका. महिनाभर तेवढं पुरतं.

आणखी काही

खाली बसायचं असेल तर गार्ड धरून खाली दाबा. नुसतं खाली दाबलं तर पात्र बाजूला चालतं.

पकडीतून सुटता येतं. चौकोन आणि एक्सची पकड असेल तर चौकोन, त्रिकोण आणि एक्सची असेल तर त्रिकोण, पकड बसताक्षणी. दोन्ही एकदम दाबू नका, एक निवडा.

दर हारीनंतर पात्र बदलू नका. एकाला तीन आठवडे द्या.

सगळी पात्रं उघडलेली सेव्ह फाइल कुणाकडून आणू नका. वेपन मास्टर या एकट्याने खेळायच्या मोडमध्ये विचित्र अटींवर लढताना हात जे शिकतो ते त्या फाइलमध्ये मिळत नाही. आणि तिथली जबरदस्त शस्त्रं मित्रांशी खेळताना वापरू नका. काहींनी ताकद वाढते पण स्वतःचीच लाइफ कमी होत जाते, आणि खेळ शस्त्राचा होतो, माणसाचा राहत नाही.

तिसरा भाग खेळणार असाल तर त्याला वेगळं मेमरी कार्ड ठेवा. त्याच कार्डावरचा दुसऱ्या गेमचा जुना डेटा पुसला किंवा हलवला तर या गेमची सेव्ह खराब होऊ शकते.

सगळं करूनही गार्ड उशिरा लागतोय असं वाटत असेल तर टीव्ही तपासा. नवे टीव्ही चित्र सुधारण्यात वेळ घालवतात आणि वार तुम्हाला दिसेपर्यंत बसलेला असतो. सेटिंगमध्ये गेम मोड चालू करा. आमच्याकडे जुना पेटीवाला टीव्ही अजून माडीवर ठेवलाय. मामेभाऊ आता नोकरीला लागलाय, पण दिवाळीला आला की बॅग ठेवून आधी माडीवर जातो. नाइटमेअरच घेतो, आणि हल्ली मला जमिनीकडे बघायला सेकंदभरही देत नाही.