पुरात भिजलेले फोटो वाचवायचेत? मग आधी ओढू नका

२०१९ च्या ऑगस्टमधे सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, २०२१ च्या जुलैत परत आलं, आणि दोन्ही वेळेला पाणी उतरल्यावर एक गोष्ट सगळीकडं सारखी होती. फ्रीज गेला, गाद्या गेल्या म्हणून शिव्या घालत चिखल काढणारी माणसं कपाटातला अल्बम हाताला लागला की तिथंच बसून रडायला लागायची. फ्रीजचा निदान पंचनामा तरी होतो, आईच्या लग्नातल्या फोटोचा कोण करणार?

तर फोटो वाचतात. सगळे नाही, पण बरेच. घालवतो आपणच, घाईनं. चित्र असतं ते कागदावरच्या जिलेटिनच्या थरात, तो भिजला की फुगून मऊ पडतो, मग बोटानं चिखल पुसायला गेलात की चिखलाबरोबर बाबांचा गालपण निघून येतो.

आधी निवड करा. ज्याची दुसरी कॉपी नाही, निगेटिव्ह नाही, तो पहिला. लग्नाचे फोटो आत्याकडं, मावशीकडं मिळतील, आजीचा तरुणपणचा स्टुडिओतला एकुलता एक फोटो कुठनं आणणार? रंगीत फोटो ब्लॅक अँड व्हाइटपेक्षा लवकर खराब होतात हेही ध्यानात ठेवा. मागं पेननं नाव-तारीख लिहिली असेल तर मोबाईलवर टिपून घ्या, शाई पाण्यात जाते.

मग मोठ्या परातीत स्वच्छ गार पाणी. गरम नको, साबण तर अजिबात नको. फोटो कडेला धरून पाण्यात हळूच हलवायचा, पाणी गढूळ झालं की बदलायचं. दोन फोटो एकमेकांना चिकटलेत तर तसेच पाण्यात पडू द्या, बऱ्याचदा आपोआप सुटतात, नाही सुटले तर जोर लावू नका. घरच्या प्रिंटरवर काढलेले फोटो मात्र पाण्यात घालू नका, रंग वाहून जातो.

फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो अजून ओला असेल तर काचेसकट पाण्यात ठेवा. वाळून घट्ट बसला असेल तर हातच लावू नका, काचेवरूनच स्कॅन करून घ्या.

वाळवायचं सावलीत, स्वच्छ सुती साडीवर, चित्र वर करून. वर्तमानपत्रावर नको, ओल्या फोटोला त्याची शाई लागते. कडा वळतात, वळू द्या, पूर्ण सुकल्यावर कोऱ्या कागदात घालून जाड पुस्तकाखाली ठेवा. हे सगळं दोन दिवसांच्या आत व्हायला पाहिजे, नंतर बुरशी धरते. घरात चिखल, लाईट नाही आणि अल्बमचा ढीग असेल तर मधे मधे बटर पेपर घालून पिशवीत बांधा आणि विश्रामबागेत, मिरजेत जिथं पाहुण्यांचा फ्रीजर चालू असेल तिथं ठेवून या, पुढं सवडीनं थोडे थोडे काढता येतात. (पाहुण्यांना आधी विचारा, नाहीतर आईस्क्रीमच्या शेजारी आजोबा बघून दचकतील.)

आता अॅपचं. फाटका फोटो टाकला की दोन मिनिटांत चकाचक करून देतात, तिथं जरा सांभाळून. चेहऱ्याचा जो भाग गेलाय तो अॅप अंदाजानं भरतं, त्याला आबा थोडेच माहितीयेत? एक डोळा जरा बारीक, नाक किंचित वाकडं, नेमकं तेच सरळ करून टाकतं, आणि मग आज्जी फोटो हातात घेऊन विचारते, "हे कोण रं?" ज्या चेहऱ्याकडं बघून घरातल्यांच्या पोटात कालवतं तो गुळगुळीत करून काय उपयोग. रिपेअरवाल्याला स्पष्ट सांगा, मागचा डाग काढ, रंग उठव, चेहऱ्याला हात लावू नको. गालावर थोडा चिखलाचा डाग राहिला तर राहू दे. आणि मूळ फोटो टाकून देऊ नका, ६०० डीपीआयवर (स्कॅनरमधलं बारकाव्याचं सेटिंग) स्कॅन करून जपून ठेवा.

ज्यांचे अजून कोरडे आहेत त्यांनी मे महिन्यातच एक रविवार काढा, सगळे स्कॅन करा नाहीतर मोबाईलवर सावलीत, फ्लॅश बंद करून टिपा, एक कॉपी गूगल ड्राईव्हवर आणि एक पेनड्राईव्ह पुण्यातल्या बहिणीकडं. आयर्विनला इशारा पातळी ४० फूट, धोका ४५. चाळीसची बातमी आली की टीव्ही उचलायच्या आधी अल्बम माळ्यावर टाका, तळमजल्यावरच राहत असाल तर सरळ बहिणीकडं.