एक्स्चेंजला जाताय आणि आपलं मूळही शोधायचंय? या चुका टाळा

दरवर्षी कुणी ना कुणी येतंच, दादा एका सेमिस्टरसाठी युकेला चाललोय, तिकडं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंग्रजांच्या काळातले सगळे जुने कागद आहेत म्हणे, पणजोबांचं कायतरी शोधतो. ऐकून खरंच बरं वाटतं. पण चुका त्याच त्याच होतात म्हणून सविस्तर लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना काहीच न विचारता विमानात बसणं.

आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजाच्या घरातली मुलगी गेली होती. घरात ऐकलेलं एवढंच की पणजोबा जुन्या मिलमध्ये होते आणि 1930 ला सोलापुरात मार्शल लॉ (लष्करी कायदा) लागला तेव्हा त्यांना पकडलेलं. मी सांगितलं होतं आधी आज्जीजवळ बस, तर वेळच नाही म्हणाली, व्हिसा, बॅगा, खरेदी. तिकडं परीक्षा संपल्यावर शेवटच्या आठवड्यात लायब्ररीत गेली. आत बसून कागद बघायचा रीडर पास फुकट मिळतो पण ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा लागतो, तो राहिला रूमवर, दिवस गेला. मग कॅटलॉगमध्ये सोलापूर टाकलं तर फार काही येईना, कारण इंग्रजांच्या कागदात सगळीकडं शोलापूर. शेवटी मार्शल लॉच्या फायली मिळाल्या, पण त्यात सरकारी तारा, रिपोर्ट आणि मोठ्या खटल्यातली नावं. मिलमधल्या साध्या कामगाराचं नाव तिथं सहसा नसतंच, आणि असलं तरी हिला ओळखू आलं नसतं कारण पणजोबांच्या वडलांचं नाव माहीत नाही, इंटी पेरू (तेलुगू घराण्याचं नाव, आडनाव) माहीत नाही, मूळ गाव माहीत नाही. बाहेर येऊन घरी व्हिडिओ कॉल लावला तर आज्जीला फोनवर ऐकू येत नाही, आई शेजारी उभी राहून तेलुगूत ओरडून विचारतेय आणि इकडं रीडिंग रूम बंद व्हायची वेळ. परत आल्यावर दिवाळीत आज्जीजवळ बसली तेव्हा कळलं की पकडलेले पणजोबा नव्हतेच, त्यांचे थोरले भाऊ होते.

म्हणून माझ्याकडं कुणी आलं की मी आधी वही देऊन घरी पाठवतो. दुपारी जेवणं झाल्यावर बसायचं, मोबाईलवर रेकॉर्डिंग लावायचं, घाई करायची नाही, आज्जी विषय सोडून बोलल्या तरी बोलू द्यायचं, बऱ्याचदा कामाचं तिथंच निघतं. जुन्या फोटोंची मागची बाजू, मिलचा पास, पीएफची चिठ्ठी, लग्नपत्रिका, सगळ्याचे फोटो काढा. पंधरा मिनिटांत उरकणाऱ्यांनी या वाटेला जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक, चुकीच्या दप्तरात, म्हणजे चुकीच्या सरकारी कागदपत्रांत शोधणं. सोलापूर इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात (प्रांतात) होतं, पण आपल्या तेलुगू घरांची बहुतेक मूळ गावं निजामाच्या राज्यातली, त्यामुळं गावाकडचा माग मुंबई इलाख्याच्या कागदात लागणार नाही, त्यासाठी हैदराबादचं दप्तर बघावं लागतं. आणि मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा (जिल्ह्याजिल्ह्याची माहिती देणाऱ्या सरकारी ग्रंथाचा) 1884 चा सोलापूर खंड नेटवर फुकट आहे, तो इथंच वाचून जा, त्यासाठी लंडनचे दिवस घालवू नका.

डीएनए किटवर पैसे घालू नका. टक्केवारी येते, गावाचं नाव येत नाही.

सहा महिन्यांपर्यंतचं शिक्षण असलं की काहीजण व्हिजिटर व्हिसावर जातात, चालतं, पण त्यावर तिकडं जॉब अजिबात करता येत नाही, आणि तो करून खर्च काढू असं ठरवून जाणारी पोरं अडकतात.

कोणत्या विषयाचे किती क्रेडिट इथं धरणार हे जायच्या आधी डिपार्टमेंटकडून लेखी घ्या. तोंडी होकारावर वर्ष वाया गेलेलं बघितलंय.

शेंगा चटणी आणि कडक भाकरी खुशाल न्या. पेढे, तूप नको, भारतातून दुधाचे पदार्थ न्यायला तिकडं बंदी आहे.

आणि लायब्ररीत पेन चालत नाही, पेन्सिल न्या. फायलींचे फोटो बहुतेक ठिकाणी फ्लॅश बंद ठेवून काढू देतात, पण प्रत्येक फाईलचं पहिलं पान उलटायच्या आधी तिच्या नंबराचा फोटो घ्या, नाहीतर घरी आल्यावर शेकडो फोटो असतात आणि कुठलं पान कुठल्या फाईलचं ते कुणालाच सांगता येत नाही.