घरच्या रीफ टँकमधील प्रवाळ खंगत असेल तर कारण कसे शोधावे

रीफ टँकमधील, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाकीत पाळलेले, प्रवाळ मलूल दिसू लागले की अनेकांचा हात आधी पूरक द्रावणाच्या बाटलीकडे जातो. कारण कळण्याआधी पाण्यात काहीही ओतू नये, कारण त्यामुळे मूळ लक्षणे झाकली जातात आणि पुढचा शोध कठीण होतो.

प्रथम पंप काही मिनिटे बंद करून, काच पुसून, प्रवाळ जवळून निरखावे. पांढरेपणा दोन प्रकारचा असतो आणि त्यांतील फरक ओळखणे हे निदानातील सर्वांत मोलाचे काम आहे. ऊतींमध्ये राहणारे झूझँथेली शैवाल निघून गेले, तर पारदर्शक ऊतींखालचा सांगाडा पांढरा दिसतो. मात्र नीट पाहिल्यास त्यावर मांसल, ओलसर थर आणि क्वचित बाहेर आलेले पॉलिपही (प्रवाळाचे छोटे, स्पर्शिका असलेले जीव) दिसतात. असे प्रवाळ जिवंत असते आणि सावरू शकते. ऊतीच गळून पडल्या असतील, तर जिवंत भागाची कड स्पष्ट तुटलेली दिसते, तिच्यापलीकडे पॉलिपांच्या रिकाम्या, खरखरीत खळग्या उघड्या पडतात आणि थोड्याच दिवसांत त्यांवर हिरवट-तपकिरी शैवाल चढते. अ‍ॅक्रोपोरा या फांद्यांच्या प्रवाळाची वाढती टोके मुळातच फिकट असतात, त्यांना आजार समजू नये. लेदर कोरल हे मऊ प्रवाळ काही दिवस मिटून वरचा मेणासारखा थर टाकते, तेही स्वाभाविकच आहे.

त्यानंतर नुकसान कुठून सुरू झाले ते पाहावे. केवळ वरची बाजू फिकी पडली असेल तर प्रकाश जास्त झाल्याचा संशय घ्यावा, विशेषतः दिवा नवा असल्यास. शेजाऱ्याकडची एकच बाजू झिजत असेल, तर गॅलेक्सियासारख्या प्रवाळाच्या लांब स्पर्शिका रात्री तिथवर पोहोचत असाव्यात. बुंध्याकडून वर सरकणारी झीज बहुधा क्षारतेतील (अल्कलिनिटी, खारटपणा नव्हे) चढउतार, अपुरा प्रवाह किंवा कीड यांच्याकडे बोट दाखवते.

मग पाणी तपासावे, आणि तेही खारटपणापासून, कारण तो चुकला असेल तर कॅल्शियम, मॅग्नेशियमचे आकडेही सोबत ढळतात. रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजण्याचे उपकरण) ३५ पीपीटीच्या (दर हजारी भागांच्या) प्रमाण द्रावणाने जुळवून घ्यावा. तापमान २४ ते २७ अंश सेल्सियस, क्षारता ७ ते ११ डीकेएच (क्षारतेचे एकक), कॅल्शियम ४०० ते ४५० आणि मॅग्नेशियम १,२५० ते १,३५० मिलिग्रॅम प्रतिलिटर हे सर्वसाधारण पल्ले आहेत. तरीही आजचा आकडा पल्ल्यात असणे पुरेसे नाही. मागील काही आठवड्यांच्या नोंदींत क्षारता एकदम उसळली किंवा घसरली होती का, हे मला त्याहून महत्त्वाचे वाटते. नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर असणेही घातक आहे, कारण प्रवाळ उपाशी पडून फिके होते.

आकडे निर्दोष निघाले तर दिवे मालवल्यावर लाल प्रकाशाच्या बॅटरीने शोध घ्यावा. अ‍ॅक्रोपोरावर लहान गोल, फिकट चाव्यांच्या खुणा आणि उघड्या सांगाड्यावर तपकिरी अंड्यांचे पुंजके आढळल्यास ते चपट्या कृमींचे काम असते. डिपमुळे, म्हणजे प्रवाळ औषधी द्रावणात थोडा वेळ बुडवल्याने, कृमी सुटून पडतात, अंडी मात्र वाचतात. म्हणून ती खरवडून काढावीत आणि डिप काही दिवसांच्या अंतराने पुन्हा द्यावी.

कारण सापडल्यावर एका वेळी एकच बदल करावा. क्षारता दिवसाला १ डीकेएचपेक्षा अधिक हलवू नये, दिव्याची तीव्रता टप्प्याटप्प्याने बदलावी, आणि दररोज एकाच कोनातून, एकाच प्रकाशात छायाचित्र घेऊन झिजलेली कड पुढे सरकली का ते पडताळावे. दोन प्रसंगी मात्र थांबू नये. युफिलिया या मोठ्या पॉलिपांच्या प्रवाळावर तपकिरी, जेलीसारखा चिकट थर दिसला, तर तो नळीने शोषून घेऊन प्रवाळ तत्काळ वेगळ्या पाण्यात हलवावे. अ‍ॅक्रोपोराच्या ऊती तासागणिक गळत असतील, तर झिजलेल्या कडेपासून दूर, निरोगी भागातून फांद्या कापून त्यांचे फ्रॅग (नवीन वाढीसाठी कापलेले तुकडे) दुसरीकडे लावावेत.