लोक अदालतीच्या आधीचा आठवडा

थकलेला कर तडजोडीने मिटवायची राष्ट्रीय लोक अदालत भरते शनिवारी आणि आमच्या इंदुरात कागदांचं कपाट उघडतं शुक्रवारी रात्री दहाला. यंदा तसं करू नका. आठवडाभर आधी संपत्ती कराची, म्हणजे घरपट्टीची, जुनी बिलं आणि भरल्याच्या पावत्या काढा आणि दोन्हींवर खाते क्रमांक तोच आहे ना, ते स्वतः बघा. वाटण्या झालेल्या घरांत काकांच्या नावाने भरलेले पैसे भलत्याच खात्यात जमा झालेले असतात.

मग टेप घ्या. कर ठरतो तो जागा कुठल्या भागात, बांधकाम कसलं आणि वापर काय, यावर. म्हणून पक्का स्लॅब किती, पत्र्याचं शेड किती, मागच्या खोलीत माल आहे की माणूस राहतो, हे वेगवेगळं लिहा. सांवेर रोडवरच्या आमच्या छापखान्याचं मागचं शेड पावसात बसलं त्याला तीन वर्षं झाली, पण कागदावर ते उभंच होतं आणि आम्ही त्याचा कर इमानाने भरत होतो. चूक आमचीच. स्व-निर्धारणाचा फॉर्म आपणच भरायचा असतो, आणि आम्ही दरवर्षी मागचाच आकडा उतरवत होतो. पाडलेल्या भागाचे फोटो बरोबर ठेवा.

सूट मिळते ती अधिभारावर, म्हणजे कर थकल्यामुळे चढलेल्या जादा रकमेवर, मूळ करावर नाही. खिडकीवरचे निम्मे वाद इथेच होतात. कर आणि अधिभार मिळून बाकी ५० हजारांपर्यंत असेल तर अधिभार पूर्ण माफ, १ लाखापर्यंत निम्मा, त्यापुढे फक्त २५ टक्के. तेव्हा ४८ हजारांची बाकी आणखी लोळत ठेवायची का, ते ठरवा. जलकराचे टप्पे वेगळे, त्याचं बिल वेगळं न्या.

आणि पैसेच नसतील तर? मग त्याच आठवड्यात बँकेतही जा. धंद्याच्या कर्जाचा हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत, होतं आणि साहेबांचा आवाज बदलतो. त्याआधी सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांना २५ कोटींपर्यंतच्या कर्जासाठी सावरण्याची योजना मागता येते. रिझर्व्ह बँकेची ही २०१६ची चौकट आहे आणि अर्ज उद्योजक स्वतः करू शकतो. जीएसटीची विवरणपत्रं, हातातल्या ऑर्डरी, अडचण कशाने आली ते एका पानात. रडगाणं नको, आकडे लिहा.

गिऱ्हाइकांकडची येणी बुडाली असतील तर उद्यम नोंदणीचा, म्हणजे छोट्या-मध्यम उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा, कागद लागेल. नोंदणी फुकट आहे, एजंटाला पैसे देऊ नका. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करायला हवं. नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं आणि सरकारी पोर्टलवर दावा लावता येतो. मात्र हे माल बनवणाऱ्यांना आणि सेवा देणाऱ्यांना. सियागंजातल्या नुसत्या खरेदी-विक्रीला ही वाट नाही. मालाचं चलन आणि माल पोचल्याची सही जपून ठेवा, आमचे दोन दावे त्या सहीवाचून अडले.

सगळ्याच्या दोन झेरॉक्स आदल्या दिवशीच काढा. शनिवारी झेरॉक्सवाल्याकडेही रांग असते.