चेक्ससिस्टिम्सवर नाव असताना अमेरिकेत खातं उघडायचं तर

अमेरिकेत एखाद्या बँकेने खातं उघडायला नकार दिला की आपली माणसं आधी क्रेडिट स्कोअर काढून दाखवतात. काही उपयोग नाही. इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि ट्रान्सयुनियन या स्कोअर ठेवणाऱ्या कंपन्या तुमची कर्जं आणि क्रेडिट कार्डं बघतात. चेकिंग किंवा सेव्हिंग खात्यासाठी बँक उघडते ते दप्तर वेगळं असतं. ते ठेवणारी कंपनी म्हणजे चेक्ससिस्टिम्स, बुडवलेल्या बँक खात्यांची नोंद तिथे असते, आणि मोठ्या बँका तिच्या जोडीला अर्ली वॉर्निंग सर्व्हिसेस या तशाच कंपनीकडेही विचारतात. तिथे जुन्या खात्याची थकबाकी नोंदलेली असेल तर ७८०चा स्कोअर दाखवूनही काउंटरवरची मुलगी गोड हसून नाहीच म्हणते.

नाव लागतं कसं? बहुतेकदा त्यात लबाडी काहीच नसते. एमएस झालेला पोरगा पुण्याला परत जातो, खात्यात ४० डॉलर राहू देतो आणि इथला फोन नंबर सोडून देतो. विद्यार्थी म्हणून माफ असलेली महिन्याची फी सुरू होते, कुठल्या तरी जिमची वर्गणी ऑटोपेवर, म्हणजे खात्यातून आपोआप कापली जाणारी, राहिलेली असते, वर ३५ डॉलरच्या आसपासचा ओव्हरड्राफ्टचा, म्हणजे शिल्लकीपेक्षा जास्त पैसे गेल्याचा, दंड लागतो. बँकेचे इशारे त्या सोडलेल्या नंबरवर आणि जुन्या अपार्टमेंटच्या पत्त्यावर जात राहतात. भारतात किमान शिल्लक नसल्याच्या दंडापायी बचत खातं उणे जाऊ द्यायचं नाही, असं रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०१५ पासून बँकांना बजावलंय. त्यामुळे आपला समज असा की खातं फार तर शून्यावर येईल. इथे ते बिनदिक्कत उणे जातं. साधारण ६० दिवसांत बँक ती रक्कम बुडीत धरते, खातं बंद करते आणि चेक्ससिस्टिम्सला कळवते. तिथली नोंद ५ वर्षं राहते, आणि नेमका त्याच काळात माणूस एच-१बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, परत येतो.

तेव्हा पहिलं काम, आपला रिपोर्ट मागवा. दुसरीकडे अर्ज करण्याआधी मागवा, नंतर नाही. १९७०च्या फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्टखाली तो वर्षातून एकदा फुकट मिळतो. नकार मिळाला असेल तर त्या नोटिशीपासून ६० दिवसांत पुन्हा फुकट मिळतो. नोटीस जपून ठेवा, कुठल्या कंपनीच्या माहितीवरून नाकारलं ते बँकेला त्यात लिहावंच लागतं. "सिस्टिमने घेतलं नाही" एवढंच तोंडी सांगून वाटेला लावत असतील तर नोटीस मागा. अर्ली वॉर्निंगचा रिपोर्ट वेगळा मागवायचा, तोही फुकट. ही ७ बड्या बँकांच्या मालकीची कंपनी आहे, पैसे पाठवायची झेल ही सेवा चालवते तीच. एकीकडे स्वच्छ आणि दुसरीकडे डाग, असं होऊ शकतं. फक्त चेक्ससिस्टिम्स बघून निर्धास्त होऊ नका.

रिपोर्ट मागताना जुने पत्ते आणि जुनी नावं लिहा. आपल्या लोकांना हे फार नडतं. खातं एसएसएन, म्हणजे सरकारी सोशल सिक्युरिटी नंबर, हातात येण्याआधी नुसत्या पासपोर्टवर उघडलेलं असेल तर नोंद तेव्हाच्या नावावर आणि तेव्हाच्या पत्त्यावर असू शकते. आपल्या पासपोर्टवर बऱ्याचदा स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव दोन्ही मिळून पहिलं नाव होतं. एका बँकेने ते अख्खं घेतलेलं असतं, दुसरीने निम्मं, तिसरीने वडिलांचं फक्त आद्याक्षर. लग्न झालेल्या बाईची तर तीनातली दोन नावं बदलतात, कुठे कुठे तिन्ही. मॅरेज सर्टिफिकेट किंवा गॅझेटची प्रत हाताशी ठेवा. शिकताना माहेरच्या नावाने खातं होतं आणि आता सासरच्या नावाने उघडताय, तर आपण होऊन सांगा. लपवाछपवीचा नुसता वास आला तरी फाइल बंद.

रिपोर्टमध्ये चूक असेल, म्हणजे खातं तुमचं नाही, रक्कम चुकीची, किंवा भरलेली थकबाकी बाकी दाखवतायत, तर डिस्प्यूट, म्हणजे नोंदीवर लेखी हरकत, टाका, चेक्ससिस्टिम्सकडे आणि त्या बँकेकडेही, पुरावे जोडून. त्यांना साधारण ३० दिवसांत तपास करावा लागतो. बँक दाद देत नसेल तर कन्झ्युमर फायनान्शियल प्रोटेक्शन ब्युरो या सरकारी ग्राहक-संरक्षण खात्याकडे ऑनलाइन तक्रार करता येते. नोंद खरी असेल तर मात्र डिस्प्यूटच्या नादी लागू नका. "आम्ही नाव काढून देतो" म्हणून आगाऊ पैसे मागणारे भेटतील. काहीजण एसएसएनऐवजी वापरायला सीपीएन नावाचा नऊ आकडी नंबर विकतात. बँकेच्या अर्जावर तो लिहिणं हा फ्रॉड आहे, आणि व्हिसावरच्या माणसाला तर तो विचारसुद्धा परवडणारा नाही.

आता थकबाकी. आधी विचारा की पैसे नक्की कोणाला द्यायचे. बँकेने कर्ज कलेक्शन एजन्सीला विकलं असेल तर बँक म्हणते आमच्याकडे काही नाही, आणि एजन्सीचं नाव तुम्ही जन्मात ऐकलेलं नसतं. एजन्सीचं पत्र आलं तर ३० दिवसांच्या आत लेखी विचारा की हे देणं माझंच कशावरून आणि एवढंच कशावरून. मगच पैसे. फोनवर कुणाला डेबिट कार्डाचा नंबर देऊ नका, मित्राच्या कार्डाचा तर मुळीच नाही. स्वतःचं खातं नसताना भरायचे कसे, तर पोस्टाची मनी ऑर्डर. एक मनी ऑर्डर १,००० डॉलरपर्यंतची निघते, रोख देऊन मिळते, पावती तुमच्याकडे राहते. कमी रकमेत मिटवतायत? जरूर मिटवा, पण मग नोंद "पूर्ण भरले" अशी न होता "तडजोडीत मिटले" अशी होते, आणि बघणारा बँकर तो फरक करतो. २०० डॉलरचा मामला असेल तर पूर्ण भरून मोकळे व्हा.

आणि पत्र घ्या. माझं मागच्या वेळी हेच राहिलं. पैसे भरले, फोनवरचा माणूस म्हणाला झालं सगळं, मी विश्वास ठेवला, आणि पुढची बँक म्हणाली आमच्याकडे अजून बाकी दिसतेय. पत्र घ्या. भारतात कर्ज फिटलं की आपण नो ड्यूज सर्टिफिकेट घेतल्याशिवाय बँकेची पायरी उतरत नाही. इथे आल्यावर ही अक्कल कुठे जाते कोण जाणे. पत्र लेटरहेडवर हवं. त्यात खात्यावर होतं तसं तुमचं पूर्ण नाव, खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे, किती भरले, कधी भरले, आता बाकी शून्य, आणि चेक्ससिस्टिम्सला सुधारित नोंद कळवली आहे हे वाक्य. या शेवटच्या वाक्याशिवाय पत्र अर्धवट आहे. तुम्ही पैसे भरल्याचं चेक्ससिस्टिम्सला आपोआप कळत नाही, ज्याने नोंद घातली त्याने कळवावं लागतं. कर्ज विकलेलं असेल तर एजन्सीचं पत्र घ्या आणि मूळ बँकेचंही मागा, कारण नोंद तिने घातलेली आहे. "ईमेल करतो" म्हणाले तर ईमेल येईपर्यंत पिच्छा पुरवा. पैसे भरण्याआधीच, "भरल्यावर असं पत्र द्याल ना" हे लेखी विचारून घेतलं तर उत्तम. पैसे हातात पडल्यावर तुमच्या फोनला कोणी विचारत नाही.

एक गैरसमज इथेच काढून टाकते. पैसे भरले म्हणून नोंद पुसली जात नाही. ती ५ वर्षं तिथेच राहते, फक्त तिच्यापुढे "भरले" असं येतं. नोंद घालणाऱ्या बँकेने स्वतः काढायला सांगितली तर निघू शकते, म्हणून पत्र मागताना तेही विचारा. नाही म्हणतील. विचारायला काय जातं?

मग सुधारलेला रिपोर्ट पुन्हा मागवून डोळ्यांनी बघा. पत्र आणि रिपोर्ट जुळले की मगच पुढे. रिपोर्टवर तुम्हीच कधी फ्रीझ, म्हणजे इतरांना तो बघू न देणारं कुलूप, लावून ठेवलेला असेल तर तो उठवा, नाहीतर बँकेला काहीच दिसत नाही आणि अर्ज तिथेच अडकतो. २०१७मध्ये इक्विफॅक्समधून लोकांची माहिती चोरीला गेली, त्यानंतर घाबरून जिथे तिथे फ्रीझ लावणारे आणि विसरून जाणारे कमी नाहीत.

बँक निवडताना घाईने दहा ठिकाणी ऑनलाइन अर्ज टाकू नका. अर्जागणिक चौकशी नोंदली जाते, आणि तो ढीग बघून पुढची बँक आणखी बिचकते. जिचे पैसे बुडवलेत तिच्याकडे तर सध्या फिरकूच नका. बँक ऑन असा शिक्का असलेली खाती शोधा. हा शिक्का सिटीज फॉर फायनान्शियल एम्पॉवरमेंट फंड देतो. अटी साध्या आहेत, उघडायला २५ डॉलर किंवा कमी, महिन्याची फी माफ होण्याजोगी नसेल तर ५ डॉलर किंवा कमी, आणि ओव्हरड्राफ्ट नाहीच. बड्या बँकांकडेही अशी खाती आहेत, चेसचं सिक्युअर बँकिंग, बँक ऑफ अमेरिकाचं सेफबॅलन्स, वेल्स फार्गोचं क्लिअर ॲक्सेस. या खात्यांवर कागदी चेकबुक मिळत नाही. घरमालक चेकच मागणारा असेल तर पुन्हा मनी ऑर्डर आहेच. शिक्का आहे म्हणजे घेतीलच असं नाही, पण जुन्या लहान थकबाकीकडे तिथे जरा उदारपणे बघितलं जाण्याची शक्यता असते. आधीच्या नोंदीमुळे नाकारलेल्यांसाठी "सेकंड चान्स" नावाचीही खाती असतात. त्यांची फी नीट वाचा. वर्षभर नीट चालवलं तर साध्या खात्यात बदलून देणार का, हेही विचारा. क्रेडिट युनियन, म्हणजे सभासदांच्या सहकारी पतसंस्था, चांगल्या, माणूस समोर बसून ऐकून घेतो, मात्र चेक्ससिस्टिम्स त्याही बघतात.

ॲपवाल्यांकडे जायचं तर एवढं समजून जा की चाइमसारखी कंपनी स्वतः बँक नाही, मागे भागीदार बँक असते. २०२४मध्ये सिनॅप्स नावाची मधली कंपनी दिवाळखोरीत गेली आणि तिच्यामार्फत ॲपमध्ये पैसे ठेवलेल्या कितीतरी लोकांचे पैसे अडकले. एफडीआयसी या सरकारी संस्थेचा ठेवींवरचा २,५०,००० डॉलरचा विमा बँक बुडाली तर लागू होतो, मधला दलाल बुडाला तर नाही. पगारापुरतं वापरा, साठवण ठेवू नका. नवऱ्याच्या किंवा बायकोच्या खात्यात जोडीदार म्हणून नाव घालायची युक्ती मंडळातल्या गणपतीत कोणीतरी सांगेलच. खात्यात नव्याने घातलेलं नावही तपासलं जातं, त्यामुळे त्यातून सुटका होईल असं धरून चालू नका.

शक्यतो ब्रँचमध्ये जा. ऑनलाइन अर्जाला तुमची बाजू सांगता येत नाही, आणि तुमच्याकडे पत्र आहे हे त्या मशीनला ठाऊक नसतं. कागद नेहमीचे, पासपोर्ट, व्हिसा, आय-९४ (अमेरिकेत प्रवेश केल्याची नोंद), एसएसएन कार्ड, आणि पत्त्याचे दोन पुरावे, म्हणजे लीज आणि विजेचं बिल. कंपनीचं ऑफर लेटर असलं तर न्या, पगार थेट जमा होणार हे ऐकून बँकर जरा खुलतो. पत्राच्या दोन प्रती, मूळ घरी. शाखेत शिरताच रडगाणं सुरू करू नका. आधी विचारा, चेक्ससिस्टिम्सवर भरलेली नोंद असेल तर तुमचं धोरण काय? "मॅनेजरला विचारते" असं उत्तर आलं की मॅनेजरला भेटा आणि पत्र पुढे करा. बोलणं तीन वाक्यांचं असू द्या: परदेशी गेलो, फी लागत राहिली, कळल्यावर सगळं भरलं. बास. आधीच्या बँकेला शिव्या घालायच्या नाहीत. नाहीच म्हणाले तर नोटीस घ्या आणि दुसरी शाखा किंवा दुसरी बँक बघा.

उघडलं की थोडे पैसे टाका, पगार लावा. पहिले ३० दिवस नव्या खात्यावर चेक वटायला वेळ लागू शकतो, घरभाड्याचे पैसे वेगळे ठेवा. साधं खातं मिळालं असेल तर ओव्हरड्राफ्टला नाही म्हणा. मात्र ते नाही फक्त एटीएम आणि डेबिट कार्डाला लागू असतं, चेक आणि ऑटोपेवर दंड बसू शकतो. म्हणून ऑटोपे सध्या क्रेडिट कार्डावर. शिल्लक १०० डॉलरखाली गेली की मेसेज येईल असं लावा. पत्र स्कॅन करून नोंद निघेपर्यंत ठेवा. परत भारतात जायचं ठरलं तर ऑटोपे काढा, खातं शाखेत जाऊन बंद करा, आणि बंद केल्याचंही पत्र घ्या.