गावात ईव्ही आणि छतावर सोलर: या चुका टाळा

पुण्याची हद्द ओलांडली की ईव्हीला, म्हणजे विजेवर चालणाऱ्या गाडीला, खरं तर सोयच जास्त. गाडी अंगणात उभी राहते, छत स्वतःचं असतं, सोसायटीच्या एनओसीसाठी कुणाच्या मागे लागावं लागत नाही. तरीही भोर असो, मुळशी असो की शिरूर, तक्रारी त्याच: चार्जरवर लाल दिवा लागतो, प्लग तापतो, सोलर असूनही बिल येतं. यात गाडीचा किंवा पॅनेलचा दोष क्वचितच निघतो. गोची असते ती डीपीपासून (वस्तीला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरपासून) प्लगपर्यंतच्या मधल्या भागात.

अर्थिंग आहे असं समजणं

गाडीसोबत मिळणारा १५ अँपिअरचा चार्जर वीज सोडण्याआधी अर्थिंग, म्हणजे गळालेला करंट जमिनीत नेणारी जोडणी, तपासतो. ती सापडली नाही तर लाल दिवा लावून गप्प बसतो. फ्रीज, मिक्सर अर्थिंगशिवायही चालतात, त्यामुळे घरात अर्थिंग नाही हे गाडी येईपर्यंत कुणाच्या लक्षातच येत नाही. जुन्या घरांत अर्थची वायर नळाच्या लोखंडी पाइपला बांधलेली असते. पुढे पाइप पीव्हीसीचा झाला की ती वायर नुसती लोंबकळत राहते.

मल्टिमीटर घेऊन सॉकेटवर तीन मापं घ्या. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३०च्या आसपास, फेज आणि अर्थमध्ये जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल व अर्थमध्ये २-३ व्होल्टच्या आत. हे तिसरं माप १५-२० दाखवत असेल तर आधी दुरुस्ती, मग चार्जिंग.

इथे एक जीवघेणा ‘जुगाड’ सर्रास होतो. सॉकेटच्या आतच न्यूट्रल आणि अर्थची पिन तारेच्या तुकड्याने जोडतात. चार्जर फसतो, हिरवा दिवा लागतो, इलेक्ट्रिशियन पैसे घेऊन जातो. पुढे कधी खांबावर न्यूट्रल तुटला की गाडीचा सगळा पत्रा करंट मारायला लागतो. असं कुणी सुचवलं तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

योग्य काम म्हणजे गाडीच्या सॉकेटसाठी नीट खड्डा खणून अर्थिंग करायची आणि ५ ओहमच्या आत रेझिस्टन्स मोजून घ्यायचा. पॅनेलची डीसी बाजू आणि वीजरोधक (आकाशातली वीज जमिनीत नेणारा दांडा) यांचे खड्डे वेगळे ठेवा. जिल्ह्याच्या पश्चिमेला थोड्या मुरुमाखाली काळा पाषाण लागतो. तिथला अर्थिंगचा खड्डा एप्रिल-मेमध्ये कोरडा पडतो. पावसाळ्यात बिनतक्रार चालणारा चार्जर मेमध्ये रुसला तर कंपनीला फोन करण्याआधी खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतून बघा.

गोठ्याच्या दिव्याच्या वायरीवर गाडी

घर एकीकडे आणि गाडीची शेड ४० मीटरवर, हे गावात नेहमीचं. शेडमध्ये दिव्यासाठी ओढलेली दीड एमएमची (दीड चौरस मिमी जाडीची) वायर असतेच, तिलाच सॉकेट लावलं जातं. हिशोब असा: चार्जर सुमारे १४ अँपिअर ओढतो, तोही सलग सात-आठ तास. जाऊन-येऊन ८० मीटर तांब्यात तिथे जवळपास १५ व्होल्टची घट होते. म्हणजे २०० वॅट वायरीतच उष्णता होऊन जातात. ४ एमएमच्या तांब्याच्या वायरीत हीच घट साडेपाच व्होल्टवर येते.

म्हणून १५ अँपिअरच्या चार्जरसाठी मीटरपासून स्वतंत्र ४ एमएमची तांब्याची लाइन, २० अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) लावा. आरसीसीबी ‘टाइप ए’ मागा. दुकानदार बहुधा ‘टाइप एसी’ पुढे करतो. गाडीच्या चार्जरमधून डीसी गळती झाली तर ‘टाइप एसी’वर भरवसा नाही. ७.२ किलोवॅटचा वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवरचा मोठा चार्जर, घेतलात तर ३२ अँपिअर धरून वायर किमान ६ एमएम, अंतर लांब असेल तर १०. आणि त्याआधी वीजबिलावरचा मंजूर भार बघा. तो बऱ्याचदा १-२ किलोवॅटच असतो. भार वाढवण्याचा अर्ज आधी करा.

एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको. नवं सॉकेट बसवल्यावर पहिल्या दिवशी अर्ध्या तासाने प्लग काढून पिनांना हात लावा. चटका बसला तर सॉकेटची पकड सैल आहे. पिनेभोवती तपकिरी डाग दिसला तर ते फेकून निळं इंडस्ट्रियल सॉकेट बसवा.

लाईट गेली, पण ऊन आहे ना!

हा गैरसमज सगळ्यात महाग पडतो. साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज थेट लाइनला जोडणारा, लाईट गेली की स्वतःहून बंद होतो. लाइनवर चढलेल्या वायरमनला उलट्या बाजूने वीज लागू नये म्हणून तो तसाच बनवलेला असतो. गुरुवारी देखभालीसाठी लाईट गेली तर भर दुपारी, छतावर ५ किलोवॅट असूनही, गाडी चार्ज होणार नाही. हे चालायला हवं असेल तर हायब्रिड (बॅटरीवरही चालणारा) इन्व्हर्टर आणि लिथियम बॅटरी घ्यावी लागते, आणि इन्व्हर्टर ३.३ किलोवॅट सलग झेपेल असा. घरातल्या १५० एएचच्या बॅटरीत सगळी मिळून १.८ युनिट मावतात. तिच्यावर गाडी लावली तर इन्व्हर्टर लगेच ट्रिप होईल.

व्होल्टेजचा झोका

संध्याकाळी सात ते दहा डीपीवर ताण असतो, व्होल्टेज १८०वर येतं. चार्जर बंद पडतो, नाहीतर रखडत चालतो. तेव्हा गाडी लावूच नका. रात्री अकरानंतर लावा, किंवा गाडीत सोय असेल तर करंट १० अँपिअरवर आणा. घरातला छोटा स्टॅबिलायझर इथे कामाचा नाही.

दुपारी उलटं होतं. डीपीपासून लांब, लाइनच्या टोकाला घर असेल तर तुमचीच सोलरची वीज लाइनवर व्होल्टेज चढवते, इन्व्हर्टर ‘ग्रिड ओव्हर व्होल्टेज’ दाखवून थांबतो आणि ऐन उन्हाचे युनिट वाया जातात. इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंत जाड केबल हा एक इलाज. दुसरा फुकटचा: दुपारी अकरा ते तीन गाडी लावा. तयार झालेली वीज गाडीतच जाते, व्होल्टेजही खाली बसतं.

किलोवॅटचा अंदाज चुकणं

रोज ४० किलोमीटर फिरणारी लहान गाडी, चार्जिंगमधली घट धरून, सुमारे ६ युनिट खाते, महिन्याला १८०. पुण्याच्या उन्हात १ किलोवॅट पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला ४ युनिट देतं. म्हणजे नुसत्या गाडीलाच दीड किलोवॅट हवं. घराचे १५० युनिट धरले तर ३ किलोवॅट जेमतेम पुरतं. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेचं अनुदानही २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किलोवॅटला ७८,००० रुपये आहे. पुढे वाढत नाही. त्यासाठी पॅनेल भारतीय सेलचे, म्हणजे डीसीआर, लागतात. बिलावर तसं लिहून घ्या.

जुलै-ऑगस्टमध्ये उत्पादन निम्म्यावर येतं. एप्रिल-मेचे शिल्लक, म्हणजे लाइनला दिलेले जास्तीचे, युनिट तेव्हा कामी येतात. पण शिल्लक युनिटांचा हिशोब ३१ मार्चला मिटवला जातो, उरलेल्यांना कमी दर मिळतो. म्हणून ‘असू दे जास्तीचं’ म्हणत दुप्पट पॅनेल लावण्यात फायदा नाही.

नेट मीटर (आत आलेली आणि बाहेर गेलेली वीज वेगळी मोजणारा) बसण्याआधी इन्व्हर्टर चालू करणं ही आणखी एक घाई. जुना मीटर बाहेर गेलेली वीजही वापर म्हणून मोजू शकतो. मग सोलर लावल्यावर बिल वाढलं, असं वाटतं.

कागदांत अडकतं ते नावावर. वीज कनेक्शन आजोबांच्या नावावर, घराचा नमुना ८ वडिलांच्या, बँक खातं मुलाच्या. आधी कनेक्शन अर्जदाराच्या नावावर करून घ्या, नंतर अनुदानाचा अर्ज.

शेतीपंपाची वीज गाडीला

शेतीच्या कनेक्शनवर गाडी चार्ज करणं हा अनधिकृत वापर. वीज कायदा २००३च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते. ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’मधली पॅनेलही कामाची नाहीत. त्यांचा कंट्रोलर मोटरसाठी बदलत्या फ्रिक्वेन्सीची वीज देतो. तिथे चार्जर लावाल तर जळू शकतो.

किरकोळ, पण नडणारं

पॅनेल सकाळी लवकर, थंड असताना धुवा. बोअरच्या जड पाण्याने पांढरे क्षार बसतात, साठवलेलं पावसाचं पाणी बरं. एका पॅनेलवर नारळाच्या झावळीची सावली पडली तरी अख्ख्या ओळीचं उत्पादन घटू शकतं. आणि ऊसतोडीनंतर रानातले उंदीर घराकडे येतात. आठवड्याला एकदा बॉनेट उघडून बघा. नारंगी वायर कुरतडलेली दिसली तर टेप मारू नका, हातही लावू नका. त्यात बॅटरीचं पूर्ण व्होल्टेज असतं. गाडी सुरू न करता सर्व्हिस सेंटरला कळवा.