टू-फोर-डीचं पाणी आणि विजेचा प्रयोग

उसाच्या पट्ट्यातल्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे एमएस्सीच्या प्रकल्पाला टू-फोर-डी या तणनाशकाचा विषय ठरलेलाच. करायचं असेल तर इलेक्ट्रो-फेंटनच करा, म्हणजे पाण्यातलं तणनाशक विजेच्या मदतीने मोडा, आणि सुरुवात दुकानातल्या बाटलीने करू नका. बाजारातलं ५८ टक्क्यांचं टू-फोर-डी म्हणजे अमाइन क्षार. त्यातल्या अमाइनचा भारही सीओडीत (पाण्यातले सेंद्रिय पदार्थ पूर्ण मोडायला लागणाऱ्या ऑक्सिजनच्या मापात) मिसळतो आणि हिशेब विसकटतो. आधी शुद्ध टू-फोर-डी घ्या.

अर्धा लिटर डिस्टिल्ड पाण्यात ५० मिलिग्रॅम विरघळवा. ते सावकाश विरघळतं, घाई नको. वीज वाहावी म्हणून ३.५५ ग्रॅम निर्जल सोडियम सल्फेट आणि लोहासाठी २८ मिलिग्रॅम फेरस सल्फेट, तेही ताजं हिरवट; पिवळं पडलेलं चालणार नाही. बोअरचं पाणी अजिबात नको. त्यातल्या क्लोराइडचं ॲनोडवर क्लोरीन होतं आणि मोडायला घेतलेल्या रेणूंना नवे क्लोरीन चिकटतात. शेवटी सौम्य सल्फ्युरिक आम्लाने पीएच ३ वर आणा. त्याहून बराच वर गेला तर लोह गाळ होऊन बसतं.

कॅथोडला कार्बन फेल्ट (कार्बन तंतूंचा नमदा), ॲनोडला धातू-ऑक्साइडचा लेप दिलेली टायटॅनियमची जाळी. बोरॉन मिसळलेल्या हिऱ्याचा ॲनोड सरस, पण कॉलेजच्या खिशाला परवडत नाही. साधा ग्रॅफाइट झिजतो, पाणी काळं होतं आणि मुलं त्या काळ्या रंगावर निष्कर्ष काढत बसतात. फेल्ट कोरडं असेल तर पाणी धरत नाही, म्हणून आधी अल्कोहोलमध्ये भिजवून धुवा. माशांच्या टाकीचा हवेचा पंप दहा मिनिटं चालवा, मगच वीज सोडा. हवेतल्या ऑक्सिजनचं कॅथोडवर हायड्रोजन पेरॉक्साइड होतं, फेरस लोहाशी गाठ पडली की हायड्रॉक्सिल रॅडिकल, आणि तेच टू-फोर-डीचे रेणू मोडतं. हेन्री फेंटनने १८९४ मध्ये टार्टारिक आम्लावर दाखवलेली हीच अभिक्रिया, फक्त पेरॉक्साइड बाटलीतून येत नाही. कॅथोडवर हायड्रोजनही सुटतो, खिडक्या उघड्या ठेवा.

किती वेळ चालवायचं, हे आधी कागदावर काढा. टू-फोर-डीचा एक रेणू कार्बन डायऑक्साइडपर्यंत नेण्यासाठी ३० इलेक्ट्रॉन लागतात. आपल्या ५० मिलिग्रॅमना साधारण ६५५ कूलोम, म्हणजे ०.३ अँपिअरला ३६ मिनिटं. ही झाली एकही इलेक्ट्रॉन वाया न गेल्याची वेळ. प्रत्यक्षात कितीतरी पट जास्त लागते. म्हणून अर्ध्या तासात ‘झालं मॅडम’ म्हणणाऱ्याचा आलेख मी परत पाठवते.

कारण तो बहुधा यूव्ही प्रकाशाच्या शोषणाचा असतो. टू-फोर-डीचा २८३ नॅनोमीटरजवळचा पट्टा घसरला की मुलं खूश. पण वाटेत तयार होणारं डायक्लोरोफिनॉलही त्याच भागात शोषण करतं, आणि वलय फुटल्यावरची छोटी आम्लं तर तिथे दिसतच नाहीत. सीओडी मोजा. सुरुवातीला सुमारे १०९ मिलिग्रॅम प्रति लिटर यायला हवी. नमुन्यात उरलेलं पेरॉक्साइड सीओडी खोटी वाढवतं. म्हणून नमुना अल्कलीने पीएच १० च्या वर न्या, कोमट करा, लोहाचा गाळ गाळून घ्या. नमुन्याचा पीएच ८च्या आसपास आणला की तोच भाग सिल्व्हर नायट्रेटने टायट्रेट करता येतो: सगळे क्लोरीन सुटले तर क्लोराइड ३२ मिलिग्रॅम प्रति लिटर. थोडं कमीच भरेल, कारण काही ॲनोडवर क्लोरीन होऊन उडतं.

उरलेलं पाणी चुन्याने उदासीन करून कॉलेजच्या रासायनिक कचऱ्यात द्या. सल्फेटचं पाणी आहे ते, कुंडीतल्या झाडांना घालू नका.

आणि घरी वडील विचारतील, फवारणीचा पंप धुतलेलं पाणी बॅटरी लावून साफ होईल का? नाही. पंप थोड्याथोड्या पाण्याने तीनदा विसळा आणि ते पाणी त्याच उसात फवारून संपवा, ओढ्यात नको. तो पंप द्राक्षबागेत मात्र नेऊ नका. टू-फोर-डीचा अंशही द्राक्षाला सोसत नाही.